नव्वद मीटर, डावी टाच आणि नीरज चोप्रा

एका वडिलांनी विचारलं आहे: “माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. ७०० ग्रॅमचा भाला पन्नास मीटरच्या आसपास टाकतो. घरात दिवसभर नीरज चोप्राचे व्हिडिओ चालू असतात. मला तीन गोष्टी कळत नाहीत. नीरज २०१८ मध्येच ८८ मीटरला पोचला होता, मग नव्वद गाठायला २०२५ का उजाडलं? टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो आठवा आला, म्हणजे आता उतरती कळा समजायची का? आणि आमच्या पोराने त्याच्याकडून नेमकं काय उचलावं?”

मी बरीच वर्षं पोरापोरींना भाला शिकवतोय, आणि २०२१ नंतर नव्वदचा प्रश्न मला ग्राउंडवर सतत ऐकू येतो. विचारणारे सगळे नीरजच्या हाताबद्दल विचारतात: हात कमी पडतो का, खांदा कमी पडतो का, जिममध्ये काय करतो. माझं उत्तर एकच असतं, त्याच्या डाव्या पायाकडे बघा. नीरजची सगळी कारकीर्द, सोनं, रुपं, दुखापती, तो सहा सेंटिमीटरनी हुकलेला नव्वद आणि टोकियोतला आठवा क्रमांक, त्या टाचेखाली वाचता येते.

भाला हाताने फेकतात हे अर्धंच खरं. धावत येणारा खेळाडू शेवटच्या पावलाला डावा पाय पुढे रोवतो (उजव्या हाताने टाकणाऱ्यांबद्दल बोलतोय) आणि गुडघा वाकू देत नाही. याला आम्ही ब्लॉक म्हणतो. भरधाव एसटीने कचकन ब्रेक मारला की उभ्या माणसाचे पाय जागेवर राहतात आणि धड पुढे फेकलं जातं, तसंच इथे घडतं. कंबर थांबते, छाती पुढे येते, मग खांदा, मग कोपर, आणि सगळ्यात शेवटी मनगट. डावा पाय टेकल्यापासून भाला सुटेपर्यंत सेकंदाचा जेमतेम दहावा भाग जातो. एवढ्या वेळात हाताने वेगळं काही करायला सवडच नसते. धावण्यातून आलेला वेग पायाने अडवला तर तो भाल्यात जातो, नाही अडवला तर खेळाडूच्या अंगातच राहतो आणि खेळाडू भाल्याच्या मागे पळत सुटतो.

नव्वद मीटरसाठी भाला सुटताना त्याचा वेग सेकंदाला तीस मीटरच्या घरात लागतो, म्हणजे ताशी १०८ किलोमीटरच्या आसपास. बाकी सगळं सारखं धरलं, तर ८८ आणि ९० मधला फरक ताशी एक-सव्वा किलोमीटरचा निघतो. ऐकायला किरकोळ वाटतो. पण हा सव्वा किलोमीटर मिळवायचा तर धावण्याचा वेग वाढवावा लागतो, आणि तो वाढला की ब्लॉकवरचा भार वाढतो. हा भार मुळातच शरीराच्या वजनाच्या कित्येक पट असतो. तो टाचेतून घोट्यात, गुडघ्यात, जांघेत आणि कंबरेत चढतो. यातला एक सांधा जरी कुरकुरत असला तरी मेंदू आपोआप धाव आवरती घेतो. खेळाडूने कितीही ठरवलं तरी घेतोच.

आता कारकीर्द. पानिपत जिल्ह्यातलं खंडरा गाव, एकत्र कुटुंब, लठ्ठ मुलगा, वजन उतरवायला पानिपतला पाठवलेला, तिथल्या शिवाजी स्टेडियमवर जयवीर चौधरींना भाला टाकताना बघितलं, ही गोष्ट तुमच्या मुलाला पाठ असणार, त्यामुळे ती सोडतो. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं पाऊल. तेरा-चौदाव्या वर्षी तो पंचकुलाच्या ताऊ देवीलाल स्टेडियमवर गेला. तिथे सिंथेटिक ट्रॅक होता. मातीत वाढलेल्या पोराला पहिल्यांदा पायाखाली अशी जमीन मिळाली जी टाच रोवल्यावर सरकत नाही. २०१२ मध्ये लखनौच्या राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत त्याने ६८.४० मीटर टाकून सोळा वर्षांखालचा राष्ट्रीय विक्रम केला. नैसर्गिक देणगी होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण जमिनीचा वाटाही मी धरतो.

२०१५ च्या केरळच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो ७३.४५ मीटर टाकून पाचवा आला होता. पाचवा! तरीही त्याला पतियाळाच्या राष्ट्रीय शिबिरात बोलावलं गेलं, आणि माझ्या मते भारतीय निवडकर्त्यांच्या हातून झालेल्या उत्तम निर्णयांपैकी तो एक. त्याच वर्षाच्या अखेरीला त्याने आंतरविद्यापीठ स्पर्धेत ८१.०४ टाकला, २०१६ च्या सुरुवातीला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ८२.२३ आणि जुलैमध्ये पोलंडच्या बिडगॉश्च इथे ज्युनियर जागतिक स्पर्धेत ८६.४८. वीस वर्षांखालचा जागतिक विक्रम. तेव्हा त्याचे प्रशिक्षक ऑस्ट्रेलियाचे गॅरी कॅल्व्हर्ट होते.

हे ८६.४८ पडले २३ जुलैला. रिओ ऑलिम्पिकच्या पात्रतेची मुदत ११ जुलैला संपली होती आणि पात्रतेचा आकडा होता ८३ मीटर. रिओत कांस्यपदक ८५.३८ ला गेलं, त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बारा दिवसांच्या फरकाने अठरा वर्षांचा मुलगा ऑलिम्पिकला मुकला. पुढच्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत पात्रता फेरीत ८२.२६ टाकून बाहेर पडला. लोकांच्या आठवणीत फक्त सुवर्णपदकं राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

२०१८ मध्ये त्याचे प्रशिक्षक होते उवे होन. पूर्व जर्मनीच्या या गृहस्थांनी जुलै १९८४ मध्ये बर्लिनला १०४.८० मीटर भाला टाकला होता. शंभरीपार गेलेला जगातला एकमेव माणूस. भाला असाच जात राहिला तर समोरच्या ट्रॅकवरच्या धावपटूंना लागेल ही भीती होती. शिवाय जुना भाला तरंगत येऊन सपाट पडायचा, टोक टेकलं की नाही यावरून वाद व्हायचे. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला. तेव्हापासून भाला लवकर नाक खाली घालतो, आणि विक्रमांची वही नव्याने उघडली गेली. त्या नव्या वहीतलं पहिलं नाव ८५.७४ मीटरचं होतं. आज आपण ज्या ९८.४८ कडे बघतो, तो चेक खेळाडू यान झेलेझ्नीचा मे १९९६ चा येना इथला विक्रम या नव्या भाल्याचा आहे. थोडक्यात, होनचा आकडा आणि नीरजचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर ती कायम चालते.

परत नीरजच्या २०१८ कडे येऊ. गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण ८६.४७ ला, मे महिन्यात दोहाला ८७.४३, ऑगस्टमध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण ८८.०६ ला. वय वीस. तुमचा प्रश्न इथूनच सुरू होतो: वीस वर्षांचा मुलगा ८८ टाकतो, तर पुढचे दोन मीटर कुठे अडले?

पहिल्यांदा अडले कोपरात. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. दिनशॉ परडीवाला यांनी त्याच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया केली, सांध्यातले हाडाचे सुटे तुकडे काढले. दोहाची जागतिक स्पर्धा हुकली. जवळजवळ सगळं वर्ष विजयनगरला आणि पतियाळाला हात परत उभा करण्यात गेलं. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूमला तो उतरला आणि ८७.८६ टाकून टोकियो ऑलिम्पिकचं तिकीट काढलं. कोपर उघडून बसवलेल्या माणसाने पहिल्याच स्पर्धेत असं टाकणं हे मला त्याच्या कुठल्याही पदकाइतकंच मोठं वाटतं. मग महासाथ आली आणि आणखी एक वर्ष गेलं. म्हणजे २०१८ ते २०२१ ही तीन वर्षं तुमच्या हिशेबात ‘नव्वदची वाट बघण्यात’ धरली असतील तर ती वजा करा.

कोपर का गेलं असेल, यावर मी नीरजबद्दल बोलणार नाही, मी त्याचा प्रशिक्षक नाही. आमच्या पोरांची कोपरं का जातात ते मात्र रोज बघतो, आणि त्याचंही मूळ बहुतेक वेळा पायातच सापडतं. डावा पाय उशिरा पडला किंवा गुडघा मोडला की धडातून वेग येत नाही. मग पोरगं ती कसर हाताने भरून काढतं. कोपर खांद्याच्या रेषेखाली पडतं, भाला बाजूने ओढून आणला जातो आणि सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या दोरीवर, म्हणजे लिगामेंटवर येतो.

७ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिम्पिकची अंतिम फेरी. जर्मनीचा योहानेस फेटर त्या वर्षी वारंवार नव्वदच्या पुढे टाकत होता, आदल्या वर्षी त्याने ९७.७६ टाकला होता. कागदावर सुवर्ण त्याचंच होतं. अंतिम फेरीत त्याचा ब्लॉकचा पाय त्या ट्रॅकवर सरकत होता. गुडघा मोडायचा, घसरायचा. ८२.५२ वर तो नववा राहिला, पहिल्या आठांतही नाही. नीरजने पहिल्याच फेकीत ८७.०३ टाकला, दुसऱ्यात ८७.५८, आणि संपलं. ट्रॅक दोघांना एकच होता. फेटरचा सगळा खेळ त्या एका आडव्या, लांब पडणाऱ्या पायावर उभा आहे, तेवढी ताकद क्वचित कुणात असते. पण पाय धरला नाही तर त्याच्याकडे दुसरा मार्ग उरत नाही. नीरजची धाव जरा अंगाबेताची होती आणि त्या दिवशी तीच कामी आली. तेव्हा त्याच्यासोबत क्लाऊस बार्टोनिट्झ होते, पेशाने शरीरयंत्रशास्त्राचे अभ्यासक. कमी पण नेमक्या फेकी, मोजक्या स्पर्धा, हा त्यांचा खाक्या होता.

पुढच्या वर्षी आकडे वर सरकले. तुर्कूला ८९.३०, मग स्टॉकहोमला ८९.९४. सहा सेंटिमीटर! इथे एक बारकी गोष्ट सांगतो, टीव्हीवर ती कुणी सांगत नाही. अंतर मोजतात ते धावपट्टीच्या टोकाच्या कमानीपासून, तुमचा पाय जिथे होता तिथून नाही. नीरज भाला सुटल्यावर पुढे झेपावतो, दोन्ही हात जमिनीला टेकतात. ही झेप रेषेच्या आत संपली पाहिजे, नाहीतर फाउल. म्हणून त्याला ब्लॉक रेषेच्या बराच मागे घ्यावा लागतो, आणि ती मागची जागा अंतरातून जाते. जो खेळाडू एका पायावर थांबू शकतो तो रेषेच्या जवळून टाकतो. ती झेप ही नीरजची ओळख झालीय, त्याचे फोटोही तेच छापून येतात, पण माझ्या मते त्याच्या हुकलेल्या सेंटिमीटरांपैकी बरेच तिथे पडून आहेत. ती झेप घेतली नाही तर तो एवढं टाकेल का, हा प्रतिवाद बाकीचे प्रशिक्षक करतात आणि तोही बिनबुडाचा नाही. झेप म्हणजे त्याचं सगळं अंग भाल्यामागे गेल्याची खूण.

त्याच उन्हाळ्यात फिनलंडमध्ये कुओर्तानेला पाऊस पडत होता. ८६.६९ टाकून त्याने ती स्पर्धा जिंकली, पण तिसऱ्या फेकीत पाय सटकून तो वाईट पडला. त्या वेळी उठून उभा राहिला. पुढच्या महिन्यात ओरेगॉनला जागतिक रौप्य मिळालं, ८८.१३ ला, ग्रेनाडाच्या अँडरसन पीटर्सच्या ९०.५४ च्या मागे. त्या अंतिम फेरीत जांघ दुखावली आणि बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा सोडावी लागली. तिथे पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९०.१८ टाकला. कुओर्तानेचं पडणं आणि ओरेगॉनची जांघ यांचा थेट संबंध आहे असं मी म्हणणार नाही. पण ब्लॉकचा पाय सरकला की पहिली ओढ जांघेवर येते, हे तुम्ही कुठल्याही गावच्या मैदानावर बघू शकता.

ओरेगॉनपासून जांघेचं दुखणं त्याच्या सोबतच आहे. २०२३ मध्ये त्याने मोजक्याच ठिकाणी भाला टाकला, मधल्या कितीतरी स्पर्धा सोडल्या, आणि तरी बुडापेस्टला जागतिक सुवर्ण घेतलं. पहिली फेक फाउल, दुसरी ८८.१७, अर्शद ८७.८२ वर दुसरा. हांगझोला आशियाई सुवर्ण ८८.८८ ला, तिथे त्याची पहिली फेक पंचांच्या गोंधळात मोजलीच गेली नाही, मध्येच ओडिशाचा किशोर जेना ८६.७७ टाकून पुढे गेला, तेव्हा कुठे नीरज खवळला. जेनाने त्या दिवशी ८७.५४ पर्यंत मजल मारली. मला ते दृश्य फार आवडतं, कारण नीरजला आपल्याच माणसाने घाम फोडला होता.

पॅरिस २०२४. पात्रता फेरीत पहिल्याच फेकीत ८९.३४, काम संपवून तो निघून गेला. अंतिम फेरीत अर्शदने दुसऱ्या फेकीत ९२.९७ टाकून ऑलिम्पिक विक्रम केला. लगेच नीरजने ८९.४५ टाकला, तोवरची त्याची दुसरी सर्वोत्तम फेक. मग उरलेल्या फेकी? सहापैकी पाच फाउल. टीव्हीवर ‘दडपण’ हा एकच शब्द चालला होता. मी ती फेरी पुनःपुन्हा बघितली आहे. ९३ गाठायचं तर धाव वाढवायला हवी. धाव वाढवली की जांघ आठवते. जांघ आठवली की शेवटची दोन पावलं विस्कटतात आणि झेप रेषेपलीकडे जाते. त्याने स्वतःच नंतर सांगितलं की फेकताना त्याचं बरंचसं लक्ष दुखापतीकडे असतं. अर्ध्या लक्षाने ८९.४५! ब्रसेल्सला डायमंड लीगच्या अंतिम फेरीत तर डाव्या हाताचं हाड मोडलेलं असताना तो उतरला आणि पीटर्सच्या मागे एका सेंटिमीटरने दुसरा आला, ८७.८७ आणि ८७.८६.

त्यानंतर प्रशिक्षक म्हणून तोच झेलेझ्नी आला. तीन ऑलिम्पिक सुवर्णं, तीन जागतिक विजेतेपदं, आणि तो विश्वविक्रम. १६ मे २०२५ ला दोहामध्ये नीरजने तिसऱ्या फेकीत ९०.२३ टाकला. अर्शद आणि चिनी तैपेईच्या चेंग चाओ-त्सुननंतर नव्वद ओलांडणारा तो तिसरा आशियाई. स्पर्धा मात्र तो हरला. जर्मनीच्या युलियान वेबरने अखेरच्या फेकीत ९१.०६ टाकला. बिचारा वेबरही त्याच दिवशी पहिल्यांदा नव्वदपार गेला होता. यावरून एक गोष्ट दिसते: नव्वद पडायला तसा दिवस लागतो. दोहाची हवा भाल्याला मानवते. २०२२ मध्ये त्याच मैदानावर पीटर्सने ९३.०७ आणि चेकियाच्या याकुब वादलेखने ९०.८८ टाकला होता.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कोपर, महासाथ, जांघ, रेषेमागची ती जागा, आणि अनुकूल दिवसाची वाट. हाताची ताकद या यादीत कुठेच नाही. आणि जरा हेही बघा की त्याची टोकियो आणि बुडापेस्टची दोन्ही सुवर्णं नव्वदच्या खालची आहेत. ओरेगॉन आणि पॅरिसला मात्र नव्वद लागला, आणि तो नव्हता. नव्वद नुसता हौसेचा आकडा आहे असं मी म्हणत नाही. पण टोकियो ऑलिम्पिकपासून टोकियोच्याच जागतिक स्पर्धेपर्यंत, चार वर्षं, ज्या ज्या स्पर्धेत तो उतरला तिथे पहिल्या दोघांच्या बाहेर गेला नाही. भालाफेकीत हे जवळपास अशक्य असतं. वारा, ओलावा, ट्रॅक, भाल्याचा कोन, एखाद्या दिवशी काहीतरी बिघडतंच. नव्वदपेक्षा या चार वर्षांसमोर मी जास्त वेळ थांबतो.

आता दुसरा प्रश्न, उतरती कळा. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला तो ८४.०३ वर आठवा आला. पाठीचं दुखणं घेऊन उतरला होता. पाठ म्हणजे पुन्हा ब्लॉकचाच हिशेब. जांघेला जपताना भार वर सरकतो. पण त्या फेरीचे बाकीचे आकडे बघा. अर्शद दहावा. त्या हंगामात ९१.५१ टाकलेला वेबर पाचवा. आणि सुवर्ण किती मीटरला? ८८.१६ ला. जिंकला कोण? केशॉर्न वॉलकॉट. हाच मुलगा २०१२ मध्ये लंडनला एकोणिसाव्या वर्षी ८४.५८ टाकून ऑलिम्पिक विजेता झाला होता. मधल्या काळात रिओचं कांस्य, मग कितीतरी वर्षं मोठ्या स्पर्धेत रिकामा हात, लोक विसरून गेले. बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा जगज्जेता. झेलेझ्नीचं घ्या. १९८८ ला सोलमध्ये शेवटच्या फेकीत सोळा सेंटिमीटरनी सुवर्ण गेलं, वय बावीस. विश्वविक्रम एकोणतिसाव्या वर्षी. मध्ये खांदा गेला, करिअर संपलं असं सगळे म्हणाले, मग सिडनीचं सुवर्ण चौतिसाव्या वर्षी आणि शेवटचं युरोपियन कांस्य चाळीशीत. दुसरीकडे फेटर: सत्ताविसाव्या वर्षी ९७.७६, आणि टोकियो ऑलिम्पिकनंतर दुखापतींनी त्याला बहुतेक काळ मैदानाबाहेरच ठेवलं. वय तिघांनाही सारखंच चढलं. फरक पडला तो अंग किती शाबूत राहिलं याने.

नीरज डिसेंबर १९९७ चा. त्याची ताकद संपली असं म्हणायला मला काही आधार दिसत नाही. जांघ आणि पाठ पूर्ण बरी होईल की नाही, हा प्रश्न आहे, आणि त्यावर त्याच्या फिजिओशिवाय कुणी छातीठोकपणे बोलू नये. टोकियोच्या त्याच फेरीत आपला सचिन यादव ८६.२७ टाकून चौथा आला हे बातम्यांत दबून गेलं. नीरज नसताना काय होईल या काळजीत असणाऱ्यांनी ती फेरी पुन्हा बघावी.

तुमच्या मुलाकडे येतो. पंधराव्या वर्षी ७०० ग्रॅमला पन्नास मीटर म्हणजे चांगलं आहे, विलक्षण नाही. जिल्ह्याला, विभागाला दिसेल. नीरजच्या ६८.४० शी तुलना करू नका, जगात फार थोडी मुलं त्या वयात तिथे असतात.

व्हिडिओ बघून पोरं पहिली गोष्ट उचलतात ती म्हणजे पडणं. नीरज भाला सुटल्यावर पडतो, आमची पोरं सुटायच्या आधीच पडायला लागतात. मुलाला सांगा, पुढची दोन वर्षं पडायचं नाही. टाकून झाल्यावर डाव्या पायावरून उजव्यावर यायचं आणि उभं राहायचं.

तुम्ही स्वतः एक तपासणी करू शकता, भालाफेक कळण्याची गरज नाही. मुरमाच्या किंवा मातीच्या पट्टीवर त्याला पाच पावलांतून टाकायला लावा आणि मग जमिनीवर वाका. डाव्या टाचेची खूण बघा. खोल, आखूड खड्डा असेल तर ब्लॉक धरतोय. वीतभर लांब ओरखडा असेल तर पाय सरकतोय, आणि तो वेग कुठेतरी कोपरात निघतोय. खूण टाचेची नसून चवड्याची असेल तर गुडघा वाकतोय, त्यावर आधी काम करायला हवं. मग मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढा आणि डावा पाय टेकतो त्या क्षणी थांबवा. कोपर खांद्याच्या बरोबरीला किंवा वर हवं, तळहात आभाळाकडे. खाली दिसलं तर आठवडाभर पूर्ण ताकदीची फेक बंद.

पावसाळ्यात ओल्या मुरमावर भाला टाकू देऊ नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे शालेय स्पर्धांची तयारी नेमकी चिखलात होते, आणि जांघा तिथेच जातात. त्या महिन्यांत मेडिसिन बॉल, उड्या, स्प्रिंट, खांद्यासाठी रबराच्या पट्ट्याचे व्यायाम आणि उभ्याने हलकी फेक. मैदान सुकलं की पळून टाका.

बूट बघा. बहुतेक पोरं धावण्याचे स्पाइक घालून भाला टाकतात. त्यांना टाचेला खिळे नसतात, म्हणजे ज्या टाचेवर सगळा ब्रेक लागायचा ती नेमकी मोकळी. भालाफेकीच्या बुटाला टाचेलाही खिळे असतात आणि घोटा धरणारा पट्टा असतो. स्वस्त नाहीत, आणि वाढत्या वयात पाय दर वर्षी मोठा होतो, त्यामुळे वापरलेले चालतील. दुसरा महागडा भाला घेण्याआधी बूट घ्या. ऑलिम्पिक वर्षातच अर्शदने उघड सांगितलं होतं की त्याचा आंतरराष्ट्रीय दर्जाचा एकुलता एक भाला वर्षानुवर्षं वापरून खराब झालाय. ९२.९७ त्यानंतर काही महिन्यांनी पडले. तुमच्या मुलाला शाळेचा भाला पुरेल, फक्त वाकलेला नसावा.

फेकींची संख्या. गावाकडे रविवारी पोरं जमतात आणि संध्याकाळपर्यंत आळीपाळीने जीव खाऊन टाकत राहतात. या वयात पूर्ण धावेच्या, पूर्ण ताकदीच्या फेकी आठवड्यातून एका दिवसापुरत्या ठेवा, त्याही वीसच्या आत. बाकी दिवस तीन-पाच पावलांतून, निम्म्या जोरात. कोपराच्या आतल्या बाजूला दाबून दुखलं तर बर्फ लावून पुन्हा मैदानावर पाठवू नका. हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, शक्यतो खेळाडू बघणाऱ्या. नीरजचं कोपर मुंबईतच दुरुस्त झालं, आपल्याकडे ती सोय आहे, पण पंधराव्या वर्षी तिथवर जायची वेळ येऊ नये.

८०० ग्रॅमच्या भाल्याची घाई करू नका, तो वयाने आपोआप येईल. बारावीच्या वर्षी खेळ सोडायला लावू नका, एवढं मात्र बजावून सांगतो. भालाफेकीत सतरा-अठरा हेच वय असतं जिथे अंग भरतं आणि ब्लॉक पक्का होतो, आणि आपल्याकडे नेमक्या त्याच वर्षी भाला माळ्यावर जातो. तुमच्या मनात पुढच्या भाकरीची काळजी असेल तर तीही रास्तच. नीरज २०१६ मध्ये लष्करात नायब सुभेदार झाला तो भाल्याच्याच जोरावर, आणि पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या मैदानाला आज त्याचंच नाव आहे. मुलगा ६० च्या पुढे नियमित टाकायला लागला की तिथे आणि बालेवाडीला चौकशी करा. त्याआधी जिल्हा संघटनेकडून निडजॅमच्या, म्हणजे राष्ट्रीय आंतरजिल्हा ज्युनियर स्पर्धेच्या, निवड चाचणीची तारीख आणि त्याच्या वयोगटाला लागणारा भाला लेखी विचारून घ्या. तोंडी माहितीवर गेलेली पोरं चुकीच्या वजनाचा सराव करून आलेली मी बघितली आहेत.